मुंढा कुणी आवळला

आधीच सांगून टाकते, माझी धाकटी जाऊ वाईट बाई नव्हती. वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं! चांगल्या बाईचा हेवा करणं फार कष्टाचं. रोज नवीन कारण शोधायचं, आणि संध्याकाळपर्यंत तिनं ते आपल्या हातातनं काढून घ्यायचं.

आम्ही शिंपी. म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मंडी मोहल्ल्यात पुढं दुकान आणि मागं घर. दुकानात आमचे हे आणि दीर शर्ट-पँटी शिवायचे, आणि मधल्या खोलीत आम्ही बायका ब्लाऊज. घरात मराठी बोलतो म्हणायचं, पण त्यात निम्मं कन्नड. सासूला आम्ही अत्ते म्हणतो, ते कन्नडच. धाकटी साताऱ्याकडनं लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, सुम्ने म्हणजे काय हो? मी सांगितलं, उगीच. ती हसली, वाईट नाही हसली, पण हसली. आणि आमच्या अत्ते! कीर्तन ऐकावं तशा तिचं बोलणं ऐकत बसायच्या. बघ कशी स्वच्छ बोलते, म्हणायच्या. मग मी काय इतकी वर्षं गढूळ बोलत होते?

पण बोलण्याचं जाऊ दे. खरी गोष्ट कात्रीची होती.

शिंप्याच्या घरात शिवणारे पुष्कळ असतात, कापणारा एक. कापड एकदा कापलं की कापलं, म्हणून ज्याच्या हातात कात्री त्याचा शब्द चालतो. गिऱ्हाइकाचं माप तो घेतो, गिऱ्हाईक त्याचं नाव विचारत येतं. आमच्या मधल्या खोलीत आधी अत्ते कापायच्या. त्यांची नजर कमी झाली तशी कात्री माझ्याकडे आली. ती देण्याची आमच्या घरात एक रीत आहे. खंडेनवमीला मशिनी, टेप, इस्त्री सगळ्याची पूजा होते आणि मोठी कात्री विठोबा-रखुमाईच्या तसबिरीच्या वर एका खिळ्याला अडकवतात. अडकवताना स्टूल चालतं. पण दसऱ्याच्या सकाळी ती उतरवायची ती उजव्या हातानं, जमिनीवर उभं राहून, स्टूल न घेता. जी उतरवते तिनं त्याच कात्रीनं आमच्या देवळातल्या रखुमाईची चोळी कापायची, आणि मग वर्षभर घरात कापायचं ते तिनंच. अत्ते उंच, मी उंच. खिळा आमच्या मापाचा. धाकटी बुटकी, तिचा हात तसबिरीच्या चौकटीपर्यंत जेमतेम जायचा. त्यामुळं इतकी वर्षं मी निर्धास्त होते.

त्या वर्षी उगादीच्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास एकदा मी वरच्या कप्प्यातनं अस्तराचा डबा काढायला गेले आणि ब्लाऊज काखेत आवळला. उजवीकडं. हात पुढं जाईना. मला वाटलं, झालं, मुंढा चुकला. मुंढा म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात तो गोल. तो दोन दोरे जरी कमी पडला तरी हात वर करताना काचतो, हे मी गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलेलं. ब्लाऊज मी कापलेला होता, शिवला होता धाकटीनं. म्हणजे चूक कुणाची, हे विचारायलाच नको.

मी तो उसवला आणि सैल केला. दोन दिवसांनी परत काचला. परत उसवला, काखेत चौकोनी तुकडा घातला. तरी हात कप्प्यापाशी जाऊन अडायचा, आणि आता खांद्यात कळही यायला लागली. मी म्हटलं, ही कळ ह्या आवळ ब्लाऊजानंच आली. दुसरा घातला, तोही काचला. तिसरा घातला, तो गेल्या दिवाळीचा, मला अगदी ढगळ व्हायचा, तोही काचला. शहाण्या माणसाला इथं काय सुचलं असतं? मला काय सुचलं सांगते. मला सुचलं, हिनं माझे सगळे ब्लाऊज गुपचूप आत घेतले.

का घेईल, असं कुणी विचारेल. मी कापताना अवघडावं म्हणून, आणखी का! तिच्याकडं तेव्हा विजयनगरच्या नव्या वसाहतीतल्या पोरी यायला लागल्या होत्या. गळा असा हवा, पाठ तशी हवी, आणि मी माप घ्यायला उठले की मागनं विचारायच्या, छोट्या अक्का नाहीत का? माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कापते मी, आणि नाव हिचं!

एका दुपारी मी तिच्या मशिनीपुढं तिन्ही ब्लाऊज नेऊन टाकले. अत्ते बाजूला काज करत बसल्या होत्या.

"माझा मुंढा कुणी आवळला?" मी विचारलं.

तिनं मशीन थांबवली. नाही हो अक्का, एवढंच म्हणाली आणि एक ब्लाऊज उचलून शिवण उजेडात धरून बघायला लागली. शिवण जुनी होती, दोरा जुना होता, घामानं पिवळा पडलेला. कुणी उसवून परत मारली असती तर जुन्या टाक्यांची भोकं दिसली असती. हे मलाही दिसत होतं. पण दिसलं म्हणून कबूल कशाला करायचं?

तेवढ्यात अत्ते उठल्या. आमच्या अत्ते म्हणजे अंगानं भरभक्कम, त्यांच्या ब्लाऊजात माझ्यासारख्या दोघी मावतील आणि वर मांजर झोपेल. दोरीवरचा आपला ब्लाऊज त्यांनी माझ्या अंगावर टाकला आणि घाल म्हणाल्या. उजवी बाही चढवताना माझ्या डोळ्यात पाणी आलं, पण घातला. मुंढा पार कमरेपर्यंत लोंबत होता. मग म्हणाल्या, आता कर हात वर. मी केला. हात खांद्याच्या जरा खाली आला आणि थांबला. त्याच जागी. कापड कुठंच ताणलं नव्हतं, अंगाला लागतच नव्हतं.

अत्ते म्हणाल्या, "आता ह्यात कुणी आवळला?"

धाकटी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती आली, माझा हात आपल्या हातात घेऊन हळूच वर उचलायला लागली, आणि तिनं उचलूनही तो जाईना. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

नाचता येईना अंगण वाकडं, असं अत्ते त्या दिवशी पुटपुटल्या ते मी अजून विसरलेले नाही. पण घाबरले तरी लगेच डॉक्टरकडं जाईन तर ती मी कसली? मी आधी माझं शहाणपण चालवलं. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं हात गळ्यात बांधून ठेवला, हलवायचाच नाही म्हणून. त्यानं कळ थोडी कमी वाटली आणि हात आणखी आखडला. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. केस विंचरता येईनात. पाठीमागं हात न्यायचा तर नावच नको, परकराची नाडी पुढनं बांधून मागं फिरवायची. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घ्यायला टेप पाठीमागनं न्यावा लागतो, तो माझ्या हातातनं पडायला लागला. एकदा पडला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा धाकटीनं खाली वाकून उचलला आणि माप तिनंच घेतलं. गिऱ्हाईक तिला थँक्स म्हणालं. मी तिथंच उभी होते.

शेवटी आमच्या ह्यांनी रिक्षा बोलावली आणि नजरबादला डॉक्टरीणबाईंकडं नेऊन बसवलं. बाई तरुण होत्या, पण घाई नव्हती. त्यांनी आधी मला हात उचलायला सांगितला, मग मला सैल सोडायला सांगून स्वतः उचलला. कोपर अंगाला लावून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला गेल्या तर दार गंजावं तसा तो जागचा हलेना. त्यांनी समजावून सांगितलं. नुसतं दुखत असतं तर दुसऱ्यानं उचलल्यावर हात गेला असता. दुसऱ्यानं उचलूनही जात नाही, आणि सगळ्यांत आधी बाहेर फिरणं बंद होतं, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवीच आवळलीय. फ्रोझन शोल्डर, म्हणाल्या. खांदा गोठलाय.

अय्यो, म्हणजे आवळला होता तर! मला आतल्या आत किती बरं वाटलं. फक्त जागा चुकली होती माझी, कापडाच्या जरा आत.

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि साखर निघाली. साखर असलेल्यांना हे जास्त होतं म्हणाल्या, त्यात पन्नाशीच्या बायका. आधी साखर आटोक्यात आणायची. आधी दुखतं, मग दुखणं कमी होऊन नुसतं ताठतं, मग हळूहळू सुटतं. सुटतं हे नक्की. पण वर्षही लागेल, दोन लागतील, जास्तही लागतील, घाई करून चालणार नाही. गळ्यात बांधलेली पट्टी त्यांनी तिथंच सोडायला लावली. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं आणि मग हलवायचं, ताण बसेल एवढं, ओरडावं लागेल एवढं नाही. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात सैल सोडून झुलवायचा. भिंतीपुढं उभं राहून बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची. कुणाकडनं तेल लावून ओढून घ्यायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गरज पडली तर पुढं इंजेक्शन देऊ, पण साखर उतरल्यावर. कपडे घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी चढवायची, काढताना शेवटी. मी इतके महिने उलटं करत होते.

मी विचारलं, दसऱ्यापर्यंत हात वर जाईल का? त्यांना वाटलं मिरवणूक बघायला जायचंय. म्हणाल्या, मिरवणुकीला हात कशाला लागतो. त्यांना काय सांगणार मी, खिळा कुठं आहे ते.

घरी येऊन अत्तेंना सांगितलं. त्यांनी हातातलं काज पुरं केलं. मग एवढंच बोलल्या.

"दसऱ्याला ज्या हाताला कात्री मिळेल, तो हात कापेल. रीत मी मोडणार नाही."

हे धाकटीसमोर बोलल्या. मला वाटलं, बुटकी आहे म्हणून काय झालं, हिला अत्ते स्टूल घेऊ देतील. हिला त्या सगळंच करू देतात.

तोवर कापायचं तिनंच होतं, दुसरा इलाजच नव्हता. टेबलाच्या कडेला असलेलं मी कापू शकायचे, पण मधोमध हात न्यायचा तर आगल्ला. आगल्ला म्हणजे जमणार नाही, आणि ह्या शब्दाइतका दरवाजा बंद करणारा शब्द मराठीत नाही. मी वेताच्या मोड्यावर बसून तिला बघायचे. ती कापायची छान. हे मी त्या वेळी जीभ कापली तरी म्हटलं नसतं. कात्री उचलायची नाही, खालचं पातं टेबलाला चिकटलेलं, एका दमात गळ्याची गोलाई. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कुठंतरी चुकू दे रे विठोबा, एकदाच, एखाद्या चांगल्या रेशमावर. चुकली नाही.

पण कापण्यापेक्षाही मला तिच्या हातांचा हेवा वाटायचा. ती सकाळी आरशापुढं उभी राहून दोन्ही हात डोक्यामागं नेऊन अंबाडा बांधायची. तोंडात काटे धरलेले, माझ्याशी बोलतेय, आणि हात मागं आपले आपले गुंडाळतायत. तिला माहीतही नव्हतं की ती काही करतेय! मला उठून तो अंबाडा सोडून टाकावासा वाटायचा. वरच्या कप्प्यातलं ती चवड्यांवर उभी राहून ओढून काढायची, वाळत घातलेलं काढायची, पाठ खाजवायची. पाठ खाजवायची! दागिन्यांचा हेवा करतात बायका, मी जावेच्या पाठ खाजवण्याचा केला.

आणि माझं सगळं तिच्या हाती आलं होतं. वेणी ती घालायची. ब्लाऊज ती चढवायची, आधी उजवी बाही, मग डावी, मग पुढची हुकं, आणि तेवढा वेळ मी छताकडं बघायची. ती जपून करायची, एकदाही ओढलं नाही. तिनं एकदा तरी ओढावं म्हणून मी वाट बघत होते, म्हणजे मला ओरडता आलं असतं.

मग एके दिवशी तिनं माझ्यापुढं एक ब्लाऊज ठेवला. न विचारता शिवलेला. उजव्या बाजूला गळ्यापासून खांद्यावरनं बाहीच्या टोकापर्यंत शिवणच नव्हती, टिचबटणं होती. पुढनं उघडा, वरनं उघडा. हात जागचा हलवायचा नाही, कापडानंच हाताभोवती यायचं आणि बटणं टिच टिच लावून टाकायची, डाव्या हातानं, आपली आपण. मुंढ्याला आतनं पट्टी दिली होती, बटणं टोचू नयेत म्हणून. मी तो उलटा केला, सुलटा केला, खोड शोधली. सापडेना. मग म्हटलं, बटणाचा रंग जरा वेगळा वाटतो.

तो घालून मी त्या दिवशी पहिल्यांदा एकटीनं तयार झाले. मोरीत दार लावून थोडी रडले. सुखानं की रागानं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

आता पुढचं ऐका. नजरबादच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडं ब्लाऊज टाकायच्या, त्या आल्या तर त्यांचाही डावा हात असाच. माझ्या खांद्यावरची बटणं बघून त्यांनी तिथंच चार शिवायला टाकले. त्यांनी मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं नणंदेला, आणि बघता बघता गोठलेल्या खांद्याच्या बायका कुठनं कुठनं यायला लागल्या. एवढ्या असतात हेच मला माहीत नव्हतं. येऊन विचारायच्या काय? छोट्या अक्कांचा ब्लाऊज! दुखणं माझं, खांदा माझा, रात्री मी कण्हायचं, आणि ब्लाऊज छोट्या अक्कांचा. ह्याच्याइतका माझा अपमान कुणी केला नव्हता, आणि करणाऱ्याचा पत्ता कुठं? ज्या यायच्या त्यांना ती माझ्याकडेच पाठवायची, अक्कांना विचारा, भिंतीचा व्यायाम कसा करायचा ते त्या सांगतील म्हणून. मी सांगायची. मन लावून सांगायची, कारण तेवढं एक माझं होतं.

भिंतीचा व्यायाम मी तसबिरीच्या भिंतीवरच करायची. मुद्दाम. शेकून घ्यायचं, भिंतीपुढं उभं राहायचं, नजर खिळ्यावर, आणि बोटं एकेक करून चढवायची. जिथं थांबतील तिथं कापडावर आखायच्या खडूनं खूण. खूण मी केली तर मी टाचा उचलते, असा धाकटीचा आरोप होता, आणि तो खरा होता, म्हणून खूण ती करायची. कधी खूण चार दिवस तिथंच. कधी मागं यायची, तेव्हा मी दिवसभर कुणाशी बोलायची नाही. ती मात्र शांतपणे रेघ मारायची आणि जुनी पुसायची नाही. कळ श्रावणात कमी झाली, पण ताठरपणा राहिला. नवरात्र बसलं तेव्हा वरची रेघ आणि खिळा ह्यांच्यात वीतभर अंतर होतं. टाचा उचलून धरलं तरी.

मी मनाशी म्हटलं, गेली कात्री.

नवमीला पूजा झाली. कात्रीला हळद-कुंकू लावलं, आणि दरवर्षीसारखं धाकटी स्टुलावर चढून ती अडकवायला गेली. मी तिकडं पाठ करून पुरण वाटत बसले होते. बाहेर रस्ताभर लोक गाड्या धुऊन त्यांना हार घालत होते, कोहळे फोडत होते. मला त्यातलं काही बघवत नव्हतं. खिळ्याभोवती तिनं झेंडूचा जाडजूड हार सोडला, तसबीर निम्मी झाकून टाकली. मला वाटलं, उद्या आपली आहे म्हणून सजवतेय.

दसऱ्याच्या सकाळी सगळे मधल्या खोलीत जमले. अत्तेंनी थोरली म्हणून आधी मला बोलावलं. आमचे हे जमिनीकडं बघत होते. मी गेले, हात दाखवून अवलक्षण करायलाच. भिंतीला बोटं लावली आणि चढवायला लागले, कोपर ताठ होईना, खांदा कानापाशी आला, आणि तेवढ्यात बोटाला गार लोखंड लागलं. कात्री! जरा उचलली आणि ती खिळ्यातनं सुटून माझ्या हातात आली. दीर टाळ्या वाजवायला लागले.

शिंप्याची नजर आहे माझी. वीत आणि बोट मला डोळ्यांनी कळतं. खिळा खाली होता. हार सरकला तसं वर जुनं भोक दिसलं, त्यात पांढरा खडू कुटून भरलेला.

पहिला विचार काय आला? तो सांगायलाच हवा. बुटकीनं स्वतःसाठी खाली घेतला. तिथं तिचाही हात सहज पोचला असता. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या, सगळ्यांसमोर विचारायचं, खिळा कुणी खाली आणला? मग माझं लक्ष कालच्या खडूच्या रेघेकडं गेलं. खिळा त्या रेघेच्या खाली होता, बरोबर दोन बोटं. आम्ही कापड अंगाच्या मापाइतकंच कधी कापत नाही, श्वास घ्यायला, हात हलवायला तेवढं सैल सोडतो. तिच्या स्वतःच्या हाताचं माप हे नव्हतं. माझं होतं. माझ्या त्या दिवशीच्या मोडक्या हाताचं माप घेऊन, वर दोन बोटं सैल सोडून खिळा मारला होता.

मी अत्तेंकडं पाहिलं. त्यांनी खिळ्याकडं पाहिलं, मग चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या, फार वेळ पुसत बसल्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर कात्री गेली असती, आणि मला कात्री हवी होती. हो, तशी हवी होती.

रखुमाईच्या चोळीचा हिरवा खण टेबलावर अंथरला. कडेनं मी कापलं. मध्यावर हात जाईना तेव्हा समोरच्या बाजूला उभं राहून धाकटीनं कापड हळूच माझ्याकडं सरकवलं. मग कात्री जागेवर राहिली आणि कापड चालत आलं. बघणाऱ्यांना वाटलं मीच कापतेय.

दुपारी जेवणं झाल्यावर, भांडी घासताना, मी तिला गाठलं.

"पुढच्या वर्षी खिळा जागच्या जागी पाहिजे," मी म्हटलं.

"हो अक्का," ती म्हणाली, "आधी तुमचा हात जागच्या जागी येऊ दे."

हात यायला अजून बराच काळ गेला. मी कात्रीची मालकीण, आणि मधलं कापायचं तिनंच, असं ते वर्ष चाललं. साखर उतरली, मी भिंत सोडली नाही. सुटताना ते कधी सुटलं हे कळत नाही. पावसाळ्यात एका सकाळी आरशापुढं उभी असताना माझ्या लक्षात आलं की तोंडात काटे आहेत, मी आमच्या ह्यांच्याशी बोलतेय, आणि दोन्ही हात डोक्यामागं आपले आपले अंबाडा गुंडाळतायत. मी तो परत सोडला आणि परत बांधला.

त्या नवमीला स्टुलावर मीच चढले. खालचा खिळा उपटला आणि जुन्या भोकातला खडू कोरून तिथं ठोकला. दसऱ्याला सगळ्यांसमोर भिंतीला बोटं न लावता हात सरळ वर नेला आणि कात्री काढली. थोडं ताणलं, पण काढली. अत्ते फक्त हं म्हणाल्या. रखुमाईची चोळी मी एकटीनं कापली, मधनंसुद्धा.

सगळे उठून गेल्यावर बघते तर धाकटी भिंतीपाशी उभी. सहज म्हणून तिनं हात वर केला, चवड्यांवर उभी राहिली, आणि तिची बोटं खिळ्याच्या वीतभर खाली राहिली. चांगला, निरोगी हात. तिथं तो ह्या जन्मात पोचणार नव्हता, आणि हे तिला पहिल्यापासून माहीत असणार. मला वाटलं होतं, आता मला सुख होईल.

तिनं हात खाली घेतला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बरं झालं अक्का, वरच मारलात. माझी पाळी येईल तेव्हा खाली आणायला तुम्ही आहातच."

मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू. आणि टेबलावरच्या चिंध्या गोळा करायला लागले, कारण मला तिच्याकडं बघायचं नव्हतं. एवढी वर्षं मी तिच्या मराठीचा हेवा केला, कापण्याचा केला, अंबाड्याचा केला, पण त्या दिवशी त्या एका वाक्याचा जेवढा केला तेवढा कशाचाच नाही. असलं मला का सुचत नाही?